खंडेनवमीला बंद ठेवलेला डेटाबेस

खंडेनवमीला आमच्या चाकणच्या कारखान्यात घरच्यांना आत यायची मुभा असते. एरवी गेटवरचा सिक्युरिटीवाला माझा जेवणाचा डबासुद्धा उघडून बघतो, पण त्या दिवशी बायका-पोरं, म्हातारे आईवडील, कुणाकुणाची सासुरवाडीची माणसंही आत शिरतात. प्रत्येक जण आपल्या माणसांना आपल्या मशीनपाशी घेऊन जातो. मशीन सकाळपासून बंद, पुसून लख्ख, वर झेंडूची माळ. "हे माझं," असं म्हणून कामगार जरा बाजूला उभा राहतो. घरचे आधी मशीनकडे बघतात आणि मग त्याच्याकडे. कार्यक्रम एवढाच, पण त्यासाठी लोक नवे कपडे घालून येतात.

माझे वडील, म्हणजे अण्णा, चिंचवडच्या एका वर्कशॉपात सव्वीस वर्षं लेथवर होते. लातूरकडून आले, आकुर्डीत दोन खोल्या घेतल्या आणि दर खंडेनवमीला आम्हाला तो लेथ दाखवायला नेलं. मी तो इतक्या वेळा पाहिलाय की लहानपणी मला तो आमच्या नात्यातलाच कुणीतरी वाटायचा. रिटायर झाल्यावर अण्णांनी एकच धरून ठेवलं, आता लेकीचं यंत्र बघायचं.

पंचाईत अशी, की माझ्याकडे दाखवण्याजोगं यंत्र नव्हतं.

मी कंपनीचा डेटाबेस सांभाळते. कुठला पार्ट कधी बनला, कुणी तपासला, कुठल्या खोक्यात गेला, हे सगळं त्यात असतं. पॅकिंगच्या टेबलावरचा प्रिंटर त्याला विचारूनच लेबल काढतो, आणि लेबलाशिवाय एक खोकं गेटबाहेर जात नाही. पूर्वी हा डेटाबेस एका एसी केबिनमधल्या कॉम्प्युटरवर होता. मी तो क्लाउडवर नेला. आता ते मशीन भाड्याचं आहे, मुंबईत कुठेतरी आहे, आणि मी ते जन्मात पाहिलेलं नाही. मी फक्त एक फाइल लिहिते. मशीन केवढं हवं, आत कुणाला सोडायचं, बॅकअपची प्रत किती वाजता काढायची, सगळं त्या फाइलीत कोडमध्ये. एक टूल ती फाइल वाचतं, प्रत्यक्षात काय आहे ते बघतं आणि प्रत्यक्षाला फाइलीसारखं करून टाकतं. ओळ लिहिली की मशीन उभं राहतं, ओळ बदलली की मशीन बदलतं. मला याचा फार अभिमान आहे. त्याच अभिमानात मी ऑफिसच्या भिंतीवर एक कागदही डकवला होता: 'डेटाबेसला हात लावायचा नाही. जे करायचं ते कोडमधूनच.' माझ्याशिवाय त्या डेटाबेसकडे कुणी फिरकत नव्हतं, म्हणजे हा दम मी मलाच दिला होता.

तीन वर्षं मी अण्णांना टाळलं. एकदा म्हटलं ऑडिट आहे, एकदा म्हटलं पाहुण्यांना बंदी आहे, एकदा सरळ तापच आणला. कुणी विचारलं की ते सांगायचे, "पोरगी कंपनीत कॉम्प्युटरवर बसती." त्या 'बसती'चा मला राग यायचा. बसतो तर सिक्युरिटीवालाही. त्यांनी आम्हाला आपलं काम दाखवलं तसं मलाही माझं काम त्यांना दाखवायचं होतं, मनापासून दाखवायचं होतं. आणि भीतीही तीच होती, की ते येतील, बघतील आणि तिथे बघण्यासारखं काहीच नसेल.

यंदा त्यांनी आपला शर्ट आपणच इस्त्री केला आणि सकाळी सातला चपला घालून दारात बसले. टाळायला जागाच उरली नाही.

कंपनीची बस नेहमीप्रमाणे महाळुंग्याच्या चौकात अडकली, तेव्हा त्यांनी विचारलं, "मुंबईत कुठं हाय ते मशीन?"

"सांगत नाहीत."

"तुला सांगत न्हाईत का कुणालाच?"

"कुणालाच."

"मग हाय कशावरून?"

याचं उत्तर माझ्या धंद्यातल्या बऱ्याच लोकांकडेही नाही.

कारखान्यात पोचल्यावर टूलरूमच्या फोरमननी अण्णांचा ताबा घेतला. फोरमन शेजारच्याच गावचे. आमचं पार्किंग जिथे आहे तिथे पूर्वी त्यांचा कांदा असायचा, हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. अण्णांनी एका मशीनच्या स्लाइडवर बोट फिरवून तेल बघितलं आणि मान डोलावली. त्या एका बोटावर दोघांची दोस्ती झाली. मग फोरमननी विचारलं, "पाव्हणं, लेक कंच्या मशीनवर हाय?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "तेच बघाया आलोय."

मी त्यांना ऑफिसात नेऊन लॅपटॉप दाखवला. "हे तर तू घरी आणतीस. ह्याच्यावर सिनेमे बघतीस." मग भिंतीवरचा इंटरनेटचा, दिव्यांचा डबा दाखवला. "हा डबा आपल्या घरी बी हाय." शेवटी मी फाइल उघडली. आता ते उठून जातील असं मला वाटलं, पण त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून विचारायला लागले. हा कशाचा, हा कशाचा. हा मशीनचा आकार. ही साठवणीची जागा. ही प्रत काढायची वेळ.

"म्हंजे हे ड्रॉइंग हाय," अण्णा म्हणाले. त्यांच्या लेथवरचा प्रत्येक पार्ट ड्रॉइंग बघूनच बनायचा.

मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. इतकी वर्षं मला सुचलं नव्हतं ते त्यांनी एका शब्दात मांडलं. तो आनंद जेमतेम दोन मिनिटं टिकला, कारण पुढचं वाक्य होतं, "पण ड्रॉइंगची पूजा करत न्हाईत. मशीन बंद कर, पूजा करू."

चालू मशीनला कुंकू लावायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांच्या वर्कशॉपात एकाने लेथच्या फिरत्या चकवर माळ टाकली होती, ती गुंडाळली गेली आणि साहेबांच्या तोंडावर झेंडू बसले. तेव्हापासून आधी बंद, मग हळद-कुंकू.

"चाचणीचा एक वेगळा डेटाबेस आहे, तो बंद करते," मी म्हटलं.

"चाचणीचा? मी काय चाचणीचा बाप हाय का?"

फोरमन नारळ घेऊन मागेच उभे होते, ते मोठ्याने हसले. त्यांच्यामागे टूलरूमची चार-पाच माणसं गोळा झाली होती. मी घड्याळ बघितलं. तीनच्या शिफ्टपर्यंत सगळा कारखाना बंद, डेटाबेसशी कुणाला काही काम नाही. दहा मिनिटं खरा बंद ठेवला तर बिघडतंय कुठे.

आता, क्लाउडच्या वेबसाइटवर बंद करायचं साधं बटण आहे. पण भिंतीवर माझाच कागद होता. शिवाय बटण काय, फोरमनही दाबतील. वडिलांसमोर मला कोडमधूनच करून दाखवायचं होतं. म्हणून मी डेटाबेसच्या सगळ्या ओळींच्या सुरुवातीला हॅशची खूण टाकली. ही खूण असलेली ओळ टूल वाचत नाही. माझ्या डोक्यात हिशेब सोपा होता: ओळी विश्रांतीला, म्हणजे मशीनही विश्रांतीला. टूलचा हिशेब वेगळा असतो. फाइलीत आहे ते जगात असलं पाहिजे, आणि फाइलीत नाही ते जगात नसलं पाहिजे. नव्याने लागलेल्या मुलांना हे मीच शिकवते, फळ्यावर चित्र काढून.

टूल परस्पर काही करत नाही. आपण काय करणार ते लिहून दाखवतं आणि 'येस'ची वाट बघतं. त्याने लिहून दाखवलं. मागून कुणीतरी म्हणालं, मुहूर्त चाललाय. मी 'येस' लिहिलं.

अण्णा मात्र अजून वाचत होते. जॉबकार्ड वाचायचे तसे, एकेक अक्षर, पडद्यावर बोट ठेवून. "वन... टु... डिस्ट्रॉय." ते माझ्याकडे वळले. "डिस्ट्रॉय म्हंजे मोडणं नव्हं का?"

डेटाबेस चुकून पुसला जाऊ नये म्हणून एक कुलूप असतं, तीही फाइलीतली एक ओळ. आदल्या आठवड्यात नव्या आवृत्तीवर जाताना मी ती काढली होती आणि परत लावायची राहिली होती. पडदा शांतपणे सेकंद मोजत होता. मोडतोय, दहा सेकंद. मोडतोय, वीस सेकंद.

"काय करायलीस? थांबव की," अण्णा म्हणाले.

"थांबत नाही."

"लाल बटण कुठं हाय?"

"लाल बटण नाही याला."

"बिगर लाल बटणाचं मशीन पास कुणी केलं?"

मीच केलं होतं. तेवढ्यात फोरमननी नारळ फोडला. त्यांना यातलं काहीच कळलेलं नव्हतं. सगळ्यांनी देवाचं नाव घेतलं, माझ्या हातात पेढा आला आणि तो मी खाल्लासुद्धा. मंडळी पुढच्या मशीनकडे निघून गेली.

मला रडू यायला लागलं. ते तीनच्या शिफ्टसाठी नव्हतं. इतक्या वर्षांनी माझा बाप माझं यंत्र बघायला आला होता आणि ते दिसायच्या आधीच मी त्याच्यासमोर मोडलं होतं. यापेक्षा 'बसती' बरं होतं.

अण्णांनी खुर्ची जवळ ओढली. "रडणं मागून. ड्रॉइंग हाय ना जाग्यावर?"

"आहे."

"मग?"

मी हॅशच्या खुणा काढल्या. त्याने मशीन परत उभं राहिलं असतं, पण रिकामं. आतला माल कुठून आणायचा? मग फाइलीत खाली मला माझीच एक ओळ दिसली: पुसण्याआधी शेवटची एक प्रत काढून ठेव. चाचण्या करताना या ओळीमुळे प्रत्येक वेळी खोळंबायला व्हायचं आणि मी तिला शिव्या घालायचे. मी प्रतींच्या यादीत बघितलं. प्रत होती, दहा मिनिटांपूर्वीची, पूर्ण. नवं मशीन त्याच प्रतीवरून उभं कर अशी ओळ मी लिहिली, कुलपाची ओळ परत लावली आणि टूल चालवलं. या वेळी त्याने लिहून दाखवलेलं मी मोठ्याने वाचलं आणि अण्णा बोट फिरवत गेले.

"वन टु अ‍ॅड. झिरो टु डिस्ट्रॉय."

"झिरो परत वाच."

"झिरो टु डिस्ट्रॉय."

"आता कर सही."

नवं मशीन उभं राहायला अर्धा तास लागला. आम्ही दोघं पडद्यासमोर बसून होतो. मधेच त्यांनी विचारलं, "ती शेवटच्या प्रतीची ओळ तुला कुणी घालाया लावली हुती?"

"कुणी नाही. मला वाटलं, कुणी चुकून पुसलं तर असावी."

"कोण पुसंल वाटलं हुतं?"

"दुसरं कुणीतरी."

अण्णा हसायला लागले. चष्मा काढून, डोळे पुसून हसले. मलाही मग हसू आवरेना.

डेटाबेस उभा राहिल्यावर मी त्यांना पॅकिंगच्या टेबलापाशी नेलं. प्रिंटरवर आदल्या शिफ्टमधल्या शेवटच्या खोक्याचं लेबल मागितलं. प्रिंटर क्षणभर थांबला, आणि लेबल बाहेर आलं. त्यावर पार्टचा नंबर, तपासणाऱ्याचा शिक्का, वेळ, सगळं जसंच्या तसं. अण्णांनी ते लेबल टेबलावर सपाट ठेवलं, त्याच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावलं आणि हात जोडले. मुंबईचं मशीन त्या वेळी चालूच होतं.

फोरमन खोबऱ्याचा प्रसाद वाटत आले. "काय पाव्हणं, कंचं मशीन निगालं लेकीचं?"

"मशीन मुंबईला हाय," अण्णा म्हणाले. "ही चालवत न्हाई ते. चालवणारे दुसरे. ही सेटर हाय."

फोरमननी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. "व्हय का? ताई, आमाला न्हाई सांगितलं कधी." कारखान्यात 'सेटर' हा शब्द उगाच कुणाला मिळत नाही. ऑपरेटर मशीन चालवतो. ते लावून द्यायचं काम सेटरचं, आणि बिघडलं की हाकही त्यालाच मारतात. माझ्या ओळखपत्रावर पाच शब्दांचं इंग्रजी पद आहे, त्याकडे फोरमननी आजवर ढुंकूनही बघितलेलं नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचल्यावर अण्णांनी चपला काढायच्या आधीच आईला तेच सांगितलं, पोरगी सेटर हाय. ते हातपाय धुवायला गेल्यावर आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "सव्वीस वर्षांत दोनदा त्यांचं नाव सेटरसाठी गेलं हुतं. दोन्ही वेळा दुसऱ्याला केलं."