दसऱ्याला आलेला ताप

मी सांगितलं ते कुणाला पटलं नाही. तेव्हा नाही, अन् आजही नाही. सरकारचा सण असो की साहेबाचा दौरा, चावडी सारवायला आम्हा बायांना फुकट बोलवायचे. शेण आमचं, हातही आमचेच. मोठे मोठे दिवस आम्ही वाकूनच पाहिले, आणि वाकलेल्या बाईला लई ऐकू येतं. असे किस्से ढिगानं साचलेत. हे मानमोडीच्या तापाच्या सालातले.

*

दसरा. आमच्याकडं आपट्याचं सोनं आधी पाटलाच्या घरी द्यायचं, मग देवाला. त्या साली पाटलाचा यशवंता मुंबईच्या गोदीतून आलेला. ओसरीवर घोंगडं पांघरून बसलेला, डोळे लाल. अख्खं गाव त्याच्या गळ्यात पडलं.

मी म्हणाले, "पाटलीनबाई, पोराच्या अंगात ताप हाय. आत निजवा."

"वाटचा शीण हाय त्यो. सोनं दे अन् नीघ, नजर लावू नको."

मी पान उंबऱ्यावर ठेवलं आणि निघाले. गाव म्हणालं, गंगूला माज आला.

*

आठवडा सरायच्या आत घरोघरी माणसं आडवी झाली. मेंढरं घेऊन नारायणगडाकडं गेलेले धनगर दसऱ्याला गावात नव्हते. त्यांच्यात कुणाला साधा खोकला नाही. मी पारावर जाऊन सांगितलं, "त्या दिवशी सोन्यासंगं ताप वाटला गेलाय."

गावचे कारभारी हसून म्हणाले, "गंगे, आपट्याच्या पानानं माणूस मरतो व्हय? मग शेळ्या कावून मरत न्हाईत?"

चौथ्या दिवशी त्या कारभाऱ्यांचीच तिरडी बांधायला माणसं मिळेनात.

*

सरू आमच्यातलीच, गावाची सुईण. घरचे लोक दार ओढून घ्यायचे, ही आत शिरायची. पाणी पाजायची, अंग पुसायची. यशवंताजवळ तर ठाण मांडून बसली. त्याची आई परसात उभी राहून सांगायची, "सरू, कपाळावर पट्टी ठेव गं." आत पाऊल टाकायची नाही.

मी सरूला म्हणाले, "मरशील एखाद्या दिवशी."

"या गावात माझ्या हाताबिगर कुणी आलं न्हाई. जाताना कावून सोडू?"

यशवंता वाचला.

*

मग मरीआईचा गाडा निघाला. देवीला लाकडी गाड्यात बसवायचं, वाजतगाजत शिवेपल्याड नेऊन सोडायचं. पुढं ताप पल्याडच्यांचा. दुसऱ्या सकाळी बघतो तर आमचा गाडा आमच्याच शिवेत परत, आणि शेजारी त्यांचाही एक. पुजारी म्हणाला, "आता साडीचोळी दोन लागंल."

कुणाला हसू आलं नाही. पाराचा निकाल झाला: ताप गावात कुणीतरी आणलाय, तो माणूस बाहेर जाईपर्यंत गाडा टिकायचा नाही. ज्याचं नाव निघंल त्यानं शिव सोडायची, परत पाऊल टाकायचं नाही.

मी पुन्हा दसऱ्याचं काढलं. पाटील विडा थुंकून म्हणाला, "बाईला पारावर बोलू दिलं, की ती पंचांगच बदलायला निघती."

*

दिवाळीला कुणी पणती लावली नाही. पाठोपाठ हुकूम आला: विलायतेची लढाई सरली, सरकारच्या बाजूची फत्ते झाली, गावोगाव जश्न करा. चावडी सारवायला आम्ही मोजक्याच बाया.

साखर वाटायला तहसिलीचा पेशकार आला. म्हणाला, "बाकीच्या औरती कुठं हायेत?"

सरू शेणाचे हात घेऊन उभी राहिली. "मसणात, साहेब. हुकूम तिकडं धाडा."

पेशकाराचं तोंड उतरलं, मग तापलं. त्यानं पाटलाला विचारलं, "ही बीमारी गावात आणली कुणी? वर जाऊन मला नाव सांगायचंय."

पाटील साखरेचं ताट सारखं करू लागला. मी म्हणाले, "साहेब, दसऱ्याला..."

"तू गप बस," पाटील ओरडला.

यशवंता खांबाला टेकून बसला होता. अजून पायात बळ नव्हतं. पेशकार त्याच्याकडं वळला. "तू सांग. घराघरात कोण फिरत होतं?"

यशवंतानं बापाकडं पाहिलं. मग आमच्याकडं. हातातली साखर त्यानं मुठीत आवळली आणि म्हणाला,

"सरू."