हळदीच्या दिवशी गुमतारा

हळदीच्या दिवशी डोंगर चढायला निघालेली आगरी घरातली बाई एक तर नवीन असते, नाहीतर येडी. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली, तेव्हा काय ते तुम्हीच समजून घ्या.

मी भिवंडीजवळ कोनला राहते आणि रोज सकाळी गोदामांच्या मागच्या सपाट रस्त्यावर पळते. यंदा हौसेनं डोंगरवाटेवरच्या शर्यतीत नाव घातलं, पण माझ्या पायांना चढ माहीत होता तो फक्त उड्डाणपुलाचा. त्यात मे महिना, म्हणजे एक दिवस हळदीशिवाय जात नाही. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या नणंदेच्या मुलीची हळद होती, अंजूरला.

माझी थोरली जाऊ, सुमनवहिनी, धवलारीण आहे. आमच्याकडे हळदीला आणि लग्नाला देवांना, पितरांना नावानं हाका मारून मांडवात बोलवायची गाणी असतात, ती म्हणजे धवले. ते म्हणते ती धवलारीण. डीजे नंतर, आधी वहिनी. तिची रीत अशी, की धवला असेल त्या सकाळी वज्रेश्वरीला जाऊन देवीची ओटी भरायची. दरवेळी माझ्याच स्कूटरवर जातो. वाटेत दुगाड फाटा लागतो आणि फाट्याच्या आत गुमतारा किल्ला. माझ्या डोक्यात किडा वळवळला. पहाटे निघू, आधी गड, मग ओटी, दुपारच्या जेवणाला घरी.

नणंदेला सांगितलं तर फोनवरच कडाडली. "वैशू, जायचं तिथं जा, पण वहिनीचा घसा सांभाळ. तिच्या धवल्याबिगर माझ्या पोरीला हळद लागायची न्हाय, सांगून ठेवते!"

"घसा तिचा, मी काय सांभाळू?" म्हणून मी हसले. हसले तेव्हा हसले.

भिवंडी उजाडायच्या आत पार करा, हा पहिला सल्ला. एकदा कंटेनर सुरू झाले की स्कूटरसुद्धा ढकलत न्यावी लागते. नाक्यावर चहा घेतला. शेजारी रात्रपाळी संपवून आलेला एक लूमवाला माझ्या बुटांकडे बघत होता. "दीदी, इतनी गर्मी में पहाड़ पे दौड़ोगी? कोई पीछे लगा है क्या?" वहिनीला इतकं हसू आलं की बशीतला चहा सांडला.

दुगाड फाट्यावरून आत वळलं की रस्ता अरुंद आहे, पण गाडी पायथ्याच्या गावापर्यंत जाते. कुणाच्या तरी अंगणात विचारून लावायची. वर पाण्याच्या भरवशावर राहू नका, माणशी तीन लिटर खालूनच न्या. आणि वाटाड्या घ्या. पावसाळ्यात वाट दिसते, उन्हाळ्यात सागाची पानं सगळी झाकून टाकतात. आम्ही घेतला नाही. मोळी घेऊन उतरणारी एक आजी भेटली, तिनं सांगितलंही होतं, "पानांवरून जाव नको बाय, पानांखाली वाट हाय का बघ."

वहिनी पन्नाशीची, नऊवारी कंबरेला खोचलेली, पायात साध्या चपला. मला वाटलं, पहिल्या चढालाच बसेल. छे! मी धापा टाकतेय आणि ही गप्पा मारत चढतेय. म्हटलं, "वहिनी, दम लागत नाही का गो तुला?"

"रातभर धवला म्हनून बघ. मंग दम कंचा नि काय कंचा!"

वाटेत करवंदं लगडली होती, काळीभोर. मी ओंजळी भरभरून खाल्ली. वहिनीनं एकाला हात लावला नाही. "आंबट न्हाय खायाचं. सांजला गळा बसेल." कंबरेच्या पिशवीतून ज्येष्ठमधाची काडी काढून चघळत राहिली. वर पडक्या दरवाज्यापाशी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तिथून तुंगारेश्वरचा डोंगर, लांबवर माहुली, आणि धुरकट भिवंडी. आमची गोदामं एवढ्याशा निळ्या पत्र्यांसारखी दिसत होती. मला फार आनंद झाला, उगीच नाही सांगत.

मग न्याहारी. तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी. मे महिन्याच्या उन्हात, डोंगरावर, सुकट! ही चूक आगरीच करू जाणे. खाताना स्वर्ग, आणि मग अशी तहान की दोघींनी मिळून एकच बाटली शिल्लक ठेवली.

सामान आवरता आवरता मी तो उतार बघितला. एकसारखा, मऊ मातीचा. राहवेना. वहिनीला म्हटलं, "तू सावलीत बस. मी खालच्या माळापर्यंत पळून येते." बाटली तिच्यापाशीच ठेवली, हातात काही नको म्हणून.

काय पळाले! पाय जमिनीला लागत नव्हते. माळ काही आला नाही, आला कोरडा ओढा. मागे वळले तर सगळीकडे सारखीच पानं. एका वाटेनं चढले, ती करवंदीच्या जाळीत संपली. दुसरी तशीच. फोनला रेंज नाही. जीभ टाळूला चिकटली. आता मात्र मी घाबरले, चक्क रडायला आलं. मनात नणंदेचा चेहरा येत होता आणि तो मला उन्हापेक्षा जास्त भाजत होता.

आणि वरून आवाज आला. आधी "वैशूऽऽ" अशा हाका, त्या झाडीत विरून जात होत्या. मग हाका थांबल्या आणि धवला सुरू झाला. लांबवलेला, छातीतून आलेला, न तुटणारा. मांडवात देवांना बोलवतात तसं ती मला बोलवत होती. त्या सुराकडे तोंड करून मी चढत राहिले. सूर डावीकडे गेला की मी डावीकडे. अर्धा तास तरी ती थांबली नाही. दरवाज्याशी पोचले तेव्हा ती दगडावर उभी होती, तोंड लालबुंद. मी बाटली तोंडाला लावली. तिनं मला शिवी द्यायला तोंड उघडलं आणि बाहेर आली नुसती फुसफूस.

संध्याकाळचा धवला दोघींना एकदमच आठवला.

उतरताना मी तिचा पदर सोडला नाही. वज्रेश्वरीला ओटी भरली, तिथून गणेशपुरीच्या गरम कुंडावर. तुम्हीही जा, पोटऱ्यांना असं सुख दुसरीकडे नाही. वहिनी मात्र वाफेवर तोंड धरून बसली होती. बाहेर खडीसाखर घेतली, गरम पाणी पाजलं. आवाज आला नाही तो नाहीच.

संध्याकाळी अंजूरच्या मांडवात वहिनीची फुसफूस ऐकून नणंदेनं माझ्याकडे पाठ फिरवली. मग एकदम रडू लागली. डीजेवाला विचारत होता, "चालू करू का?" भाची पाटावर बसलेली, बायका हळदीच्या वाट्या घेऊन ताटकळलेल्या. वहिनीनं माझं मनगट धरलं, खाली बसवलं आणि कानाशी तोंड आणून एक ओळ फुसफुसली. मग मला कोपर मारलं.

"मी?" मी म्हटलं. दुसरं कोपर आलं.

म्हटली. पहिल्या ओळीला आवाज थरथरला, एक म्हातारी हसली. दुसऱ्या ओळीला मला चाल सापडली. सापडणारच, सकाळी तिच्याच मागून तर डोंगर चढले होते. वहिनी ओळ कानात घालायची, मी मांडवात सोडायची. गावदेवी आली, पितर आले, सगळे नावानं आले. शेवटाला मागच्या बायकाही म्हणू लागल्या आणि भाचीला हळद लागली. नणंदेनं उरलेली वाटी माझ्या तोंडाला फासली. "मेले, तुझ्या डोंगराला आग लागो," म्हणाली आणि मिठी मारली.

खर्च म्हणाल तर पेट्रोल, चहा, ओटीचं सामान. करवंदं फुकट. बुटांतली माती अजून निघालेली नाही.

वहिनीचा आवाज चार दिवसांनी परतला. तिच्या पोरींना धवला शिकायचा नाही, सुनेला लाज वाटते. हे ती कधी बोलत नसे, आता बोलते. सकाळी मी पळायला निघाले की ती अंगण झाडत उभी असते. एक ओळ टाकते. गोदामांना वळसा घालून येईपर्यंत पुढची मला आठवायची असते. कालच परत आले, धापा टाकत म्हटली.

झाडू वर करून वहिनी ओरडली, "चुकली! जा, आनखी एक फेरी मार!"