दसऱ्यानंतर करू

आईच्या आतड्यात गाठ निघाली तेव्हा मी नाशिकला शाळेत शिकवत होते. आई दिंडोरी रस्त्याला आमच्या अर्ध्या एकरात झेंडू लावायची आणि पंचवटीच्या बाजारात फुलं घेऊन बसायची. वडील गेल्यापासून तिचं असंच चाललं होतं.

सर्जननी नीट समजावलं. "मावशी, दुर्बिणीतून करू. पोटाला चार बारीक भोकं आणि गाठ काढायला छोटासा छेद. आठवड्यात घरी." तसलं ऑपरेशन तेव्हा नवंच होतं. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "दसऱ्यानंतर करू. झेंडू तोडणीला आलाय. तीन आठवड्यांनी काय बिघडत नाय."

मी परत आत जाऊन विचारायला हवं होतं. गेले नाही. सहामाही परीक्षा होत्या, मलाही ते सोयीचं वाटलं.

दसऱ्याच्या चार दिवस आधी शेजाऱ्यांचा शाळेत फोन आला. आईचं पोट टम्म फुगलं होतं, उलट्या थांबत नव्हत्या. एक्स-रे पाहून सर्जन म्हणाले, "गाठीनं वाट बंद झालीय. आतडं इतकं फुगलंय की दुर्बिणीला आत जागाच नाही. पोट उघडावं लागेल. शौचाची वाट पोटावर काढावी लागेल." मी सही केली.

शुद्धीवर आल्यावर आईनं विचारलं, "किती भोकं पाडली?"

"चार," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलताना तिनं मान उचलून पाहिलं. अख्ख्या पोटावर उभे टाके, डावीकडे पिशवी. सिस्टर गेल्यावर म्हणाली, "खरं सांगायचं ना गं. मी काय लहान हाय?"

जखम भरली. पिशवी बदलायला ती शिकली, पण बाजारात परत बसली नाही. "फुलांपाशी वास आला तर? गिऱ्हाईक काय म्हणंल?" वास येत नव्हता. मी शपथेवर सांगितलं. पण एकदा खोटं बोललेल्या माझ्यावर तिचा विश्वास बसेना.

वर्षभरात कॅन्सर यकृतात पोचला. मी सर्जनना विचारलं, "तेव्हाच केलं असतं तर?"

"आतडं अडलं नसतं. बाकीचं मला सांगता येणार नाही."

आईचे हात थरथरायला लागले तेव्हा तिनं पहिल्यांदा पिशवी मला बदलू दिली. भिंतीकडे तोंड करून पडायची. एका सकाळी तशीच म्हणाली, "हात हलका हाय तुझा." त्यानंतर आठ दिवसांनी ती गेली.