गावातला शेवटचा माणूस

व्हँकुव्हरपासून दूर एका नदीकाठी आधी तिथल्या मूळ आदिवासींची मासे वाळवायची वस्ती होती. मग लाकूड कापायची मिल आली, गाव फुगलं आणि मीही तिथं कामाला लागलो. पुढं मिल बंद पडली, घरं ओस पडली. मी मात्र हटलो नाही. चौथी नापास माणसाकडं हट्टाशिवाय असतं काय? कुणी चालत नसलेल्या वाटेवरचा बर्फ रोज फावड्यानं उपसायचो.

शेवटी मुलगा व्हँकुव्हरहून न्यायला आला. मी कुलूप ओढून ओढून पाहिलं.

बायको म्हणाली, "अहो, चोरसुद्धा गाव सोडून गेले!"

शेजारचा आदिवासी म्हातारा अंगणात मासे टांगत होता. त्याला ऐटीत म्हणालो, "गावातला शेवटचा माणूस निघाला बघ."

"मग मी काय भूत आहे?"

किल्ली त्याच्याच हातात दिली.