कोऱ्या ओळीचा नंबर

समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नंदुरबार जिल्ह्यात नंबराशिवाय उरलेली प्रत्येक ओळ धोक्यात आहे, आणि तो धोका म्हणजे माझे साडू. तापीच्या दोन्ही काठांवर त्यांच्याइतका क्रमवार माणूस झाला नाही आणि होणारही नाही, कारण झालाच तर साडू त्याला तिथल्या तिथे 'दोन' म्हणून मोकळे होतील.

शहाद्याच्या एका कॉलेजात ते कॉम्प्युटर शिकवतात. सगळं जग चित्रांवर बोटं आपटून कामं उरकतं, साडूंना तो पोरखेळ वाटतो. ते लॅपटॉपवर काळा पडदा उघडतात, त्यावर 'एनएल' ही दोन अक्षरांची आज्ञा टंकतात, पुढे फाइलचं नाव देतात आणि एंटर दाबून, होमात तूप सोडल्यासारखे डोळे मिटतात. उघडतात तेव्हा फाइलमधल्या ओळींच्या डाव्या हाताला नंबर उभे असतात. किराणा, पथ्यपाणी, माझ्या मुलाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर, काहीही त्यातून सुटलं नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत एक घोडेवाला आपल्या घोड्याचं कौतुक सांगत होता, तर साडूंनी ते शब्दशः टंकून घेतलं, नंबर पाडले आणि शांतपणे सांगितलं की ओळ चारमध्ये घोडा पाच वर्षांचा आहे आणि ओळ नऊमध्ये त्याने आठ वर्षं वरात गाजवली आहे, तेव्हा खुलासा व्हावा. घोडेवाल्याने विचारलं, "साहेब, घोडा लेना शे का केस चालाडनी शे?" साडूंना घोडा घ्यायचाच नव्हता. माझी मेहुणी चिडली की तिचं बोलणंही ते असंच उतरवून घेत आणि ओळवार उत्तरं देत. शेवटी तिने अबोला धरला आणि ती जिंकली, कारण साधी एनएल आज्ञा कोऱ्या ओळीला नंबरच देत नाही.

आमच्या दोघांच्या सासूबाई, आम्ही त्यांना मामी म्हणतो, कळसाडीला राहतात. श्रावणात तिथे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नटवतात, चौरंगावर बसवतात, जेवू घालतात आणि दुसऱ्या दिवशी नदीवर पोचवतात. हे सगळं गाण्यात असतं, आणि गाणं सांगायचा मान मामींचा. त्या ओळ टाकणार, बाकीच्या बायका झेलणार. एका वर्षी मामी मधेच अडकल्या. दुसऱ्याच कुणी गाणं उचललं, ते पारही पडलं, पण मामी घरी येऊन म्हणाल्या, "आते मी मांगे बठसू."

ही गोष्ट साडूंच्या जिव्हारी लागली. पुढच्या श्रावणाआधी ते लॅपटॉप घेऊन कळसाडीला जाऊन बसले. मामींना आठवेल तसं गाणं टंकून घेतलं. मामी थांबल्या की हे एंटर मारत, तिथे एक ओळ कोरी पडे. बायकांचे कागद त्यांनी साध्या आज्ञेने काढले. स्वतःचा कागद मात्र, प्राध्यापकाला साधं काही शोभत नाही म्हणून, खास आज्ञेने काढला, ज्यात कोऱ्या ओळीलाही नंबर मिळतो. बेत असा की मामींनी पुढे बसायचं, अडल्या तर साडूंनी नंबर पुकारायचा आणि बायकांनी ती ओळ उचलून धरायची. पण कानबाई बसायच्या संध्याकाळी मामी खरोखरच मागे, खांबाला टेकून बसल्या.

तेव्हा सगळी भिस्त साडूंवर. देवी दारात आली. साडूंच्या कागदावर त्या ओळीचा नंबर सव्वीस. त्यांनी खणखणीत आवाजात "सव्वीस" पुकारलं. बायकांच्या कागदावर, कोऱ्या ओळी वगळून, सव्वीसला देवीची पाठवणी होती. बायका शिस्तीच्या. उंबरठ्यावरच्या देवीला त्यांनी गळा काढून निरोप दिला, दोघींनी तर पदरही डोळ्यांना लावला.

खांबापासून आवाज आला, "माय आते उनी, नि तुम्ही तिले वाटे लाई ऱ्हायन्यात?"

मामी बायकांना सारत पुढे आल्या, चौरंगाजवळ बसल्या आणि रागाच्या भरात अख्खं गाणं सांगून गेल्या. एकही ओळ अडली नाही. साडू आपल्या कागदावर बोट फिरवत होते. जिथे कोरी ओळ, तिथे मामी श्वास घेत होत्या. प्रत्येक ठिकाणी. साडूंचं बोटही तिथे थांबायचं.

तेव्हापासून मामी पुढेच बसतात. सगळ्यांचे कागद आता एकसारखे असतात, कोऱ्या ओळींना नंबर दिलेले. डावीकडे आकडा आणि पुढे काहीच नाही, हे पाहून नव्या सुना हसतात. साडू मात्र अजूनही चारचौघांत पुस्तकी मराठीच बोलतात, आणि तीही मुद्देवार.

यंदा मामींच्या कोऱ्या ओळी लांबल्या. गाणं आठवत होतं, दम पुरत नव्हता. अशाच एका जागी त्या थांबल्या त्या थांबल्याच. चौरंगावरची समई तेवढी हलत होती. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कडेच्या एकीने कागद वर धरला आणि पुढची ओळ घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आमच्या साडूंच्या तोंडून, पुस्तकी मराठी सोडून, नंबर न घालता निघून गेलं:

"थांबा वं, मामी दम ली ऱ्हायनी."