मी गाळलेलं वाक्य

शालन गेल्याचा फोन तिच्या भाच्याने, सुधीरने केला. "मावशी, आत्या गेल्या... झोपेतच. रात्री आठला दोन घास आमटी-भात खाल्ला, पडल्या, त्या सकाळी उठल्याच नाहीत." मला रडू फुटायच्या आत त्याचं पुढचं वाक्य आलं, "पण मावशी, रात्रीचं जेवल्या हे कुणापाशी बोलू नका हं. लोकांत बरं दिसत नाही." रडू तिथंच अडलं आणि संताप आला. अरे, बाई गेली, आता तरी तिच्या ताटावर झाकण नका ना घालू!

शालनचं घर जैन शेतकऱ्याचं, सांगलीपासून सायकलच्या अंतरावर, कृष्णाकाठी. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं हा त्यांच्याकडचा नियम. मनापासून पाळणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. माझं भांडण आहे ते तिच्या नावावर गेली पन्नास वर्षं खपवल्या जाणाऱ्या एका गोष्टीशी. 'शालनताई अमेरिकेत तीन वर्षं राहिल्या, पण एक दिवस नियम मोडला नाही.' शोकसभेत चार जण बोलले आणि चौघांनीही हेच सांगितलं. तिच्या कामाबद्दल एकाने दीड वाक्य बोलून घेतलं. ही गोष्ट साफ खोटी आहे. मला कसं माहीत? ती माझ्याच तोंडून जन्माला आली.

मी साताऱ्याच्या एका सुभेदाराची मुलगी, रश्श्यावर वाढलेली. सांगलीला कॉलेजात आले तेव्हा वसतिगृहात शालन माझ्या खोलीत होती. ती साडेपाचला जेवून मोकळी, मी आठला ताट घेऊन बसले की समोर पुस्तक उघडून बसायची आणि पानाआडून माझ्या ताटाकडे बघायची. "खा की गं, मी नाही सांगत कुणाला," असं मी एकदा म्हटलं, तर पुस्तक मिटून म्हणाली, "सांगायचं नसलेलं मी खात नाही, इंदू." तेव्हा मला ते वाक्य नुसतं फटकळ वाटलं होतं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. उसाला पाणी पाजून पाजून नदीकाठच्या जमिनी खारवट व्हायला लागल्या होत्या. शालनच्या वडिलांचं, आप्पांचं, थळातलं म्हणजे नदीलगतच्या तुकड्यातलं शेत तर मिठाचं पोतं सांडावं तसं पांढरं पडलं. बी टाकलं तरी उगवेना. शालनने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि मग अमेरिकेतल्या एका विद्यापीठाकडून मातीच्या अभ्यासाचा अर्ज मागवला. तो आम्ही टायपिंगच्या क्लासात बसून भरला. 'तुम्हाला इथे का शिकायचं आहे?' या प्रश्नाखाली तिने इंग्रजीत एवढंच टाइप केलं, 'माझ्या वडिलांचं शेत पांढरं पडलं आहे. ते पुन्हा काळं कसं करायचं हे इथं कुणाला माहीत नाही.' शिफारसपत्र देणाऱ्या सरांनी कपाळाला हात लावला. "असं घरगुती लिहितात का? ज्ञानाची ओढ वगैरे लिही." शालन म्हणाली, "सर, ज्ञानाची ओढ सगळेच लिहिणार. पांढरं शेत कोण लिहिणार?" एक अक्षर बदललं नाही. पाच महिन्यांनी प्रवेशाचं पत्र आलं, शिष्यवृत्तीसकट. मुंबईला व्हिसाच्या कचेरीत साहेबाने विचारलं, शिकून परत येणार कशावरून? तर ही म्हणते, "शेत उचलून तिकडं नेता येत नाही, म्हणून."

पण साहेबापेक्षा गाव कठीण. बिनलग्नाची पोर साता समुद्रापार! देवळात बैठक बसली. आप्पांनी ऐकून घेतलं सगळ्यांचं आणि शेवटी उभं राहून शब्द दिला, "पोरगी जाईल. पण सूर्य मावळल्यावर ती खाणार न्हाई. ज्या दिवशी खाईल, त्या दिवशी शिक्षान सोडून माघारी येईल. ह्यो माझा शब्द." शालनने मान हलवली. जायचंच होतं, दुसरं करते काय?

तिच्या पत्रांतून मला तिकडचा सूर्य कळत गेला. उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड, तेव्हा मजा. पण हिवाळ्यात साडेचारलाच काळोख, आणि वसतिगृहाचं जेवणघर उघडणार पाचला! मग ही सकाळच्या नाश्त्यातले पाव कोटाच्या खिशात ठेवायची आणि चारला प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून कोरडे चावायची. पहिला हिवाळा तिने असा काढला. वजन उतरलं, बूट सैल झाले, असं गमतीनं लिहायची. मला मात्र वाचून हसू यायचं नाही.

आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. घरी पत्र गेलं तर चुलता ते चारचौघांत मोठ्यानं वाचणार, म्हणून शालन वडिलांची पत्रंही माझ्या पत्त्यावर धाडायची. मी तोवर सांगलीतच शाळेत शिकवायला लागले होते. बाजाराच्या दिवशी आप्पा अडत्याकडे हळद घालायला यायचे आणि परतताना माझ्या दारात, पायरीवर बसायचे. हातापायांना हळद लागलेली, टोपी मांडीवर. "वाच बाई इंदू," म्हणायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

दुसऱ्या हिवाळ्यातलं ते पत्र. निळं, घडीचं, परदेशी टपालाचं. माती भरलेल्या नळ्यांमधून पाणी सोडून मीठ कसं धुऊन निघतं, हे लिहिलं होतं. मग तो दिवस लिहिला होता... सकाळपासून काम, चार कधी वाजून गेले कळलं नाही, चक्कर आली, हातातली काचनळी फुटली. तिच्या म्हाताऱ्या प्रोफेसरांनी तिला खुर्चीत बसवून आपला डबा तिच्यापुढे ठेवला. पुढचं वाक्य मी आधी मनात वाचलं. ती जेवली होती. अंधार पडल्यावर. आणि ते तिने बापाला स्वतःच कळवलं होतं! हे वाचलं तर शब्दाचा माणूस तिला माघारी बोलावणार. शेत पांढरंच राहणार आणि शालन कुणाच्या तरी घरात भाकऱ्या थापत बसणार. मी उठले, माठातलं पाणी प्याले, येऊन बसले आणि ते वाक्य, त्याला जोडून आलेल्या ओळींसकट, गाळून पुढचं वाचलं. 'बाकी सगळं ठीक आहे.' आप्पा डोळे मिटूनच म्हणाले, "म्हंजे नियम चालू हाय म्हण की." मी म्हटलं, "हो आप्पा." आणि गावभर झालं.

ती परत आली तेव्हा मिरज स्टेशनवर चुलता हार घेऊन उभा होता. "नाव राखलंस!" शालनने माझ्याकडं असं बघितलं की मी नजर खाली घातली. माझ्या खोलीवर आल्यावर कडाडली, "कुणी सांगितलं होतं तुला मला वाचवायला? मी भिऊन लिहिलं होतं का ते?" तडक आप्पांकडे गेली, मागोमाग मी. सगळं सांगितलं. आप्पा म्हणाले, "मला ठाव हाय. वाचता वाचता इंदू पाणी प्यायला उठली. तवाच वळीखलं."

"मग गप का बसलासा?"

"बोललो असतो तर तुला माघारी बोलवाय लागलं असतं, पोरी. शब्द माझा हुता. जेवलीस, बरं केलंस. पर मी हाय तवर मनातच ठेव. मी गेल्यावर काय ते बोल."

शालनने तेवढं ऐकलं. शेतात चर खणले, खाली निचऱ्याचे नळ घातले, आणि तिसऱ्या वर्षी त्या थळात पुन्हा शाळू उभा राहिला. आप्पांनी तो डोळ्यांनी पाहिला, ऑपरेशन झालं होतं तोवर. ते गेल्यावर शालनने माझ्याकडून ते पत्र मागून घेतलं आणि आपल्या जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं! पस्तीस-चाळीस वर्षं पाहुणे आले, त्या काचेवर ताटं ठेवून जेवले, तिच्या नियमाची तारीफ करून गेले. ताट उचलून खाली काय आहे ते एकानेही पाहिलं नाही. मी चिडायचे. ती म्हणायची, "असू दे गं. वाढ."

शोकसभेत मी पहिल्या रांगेत होते. चौथा वक्ता बसल्यावर मला बोला म्हणाले. सुधीर माझ्याकडे बघत होता. मी उभी राहिले, समोरच्या पेल्यातलं पाणी प्याले... आणि 'चांगली मैत्रीण होती' म्हणून खाली बसले. थू माझ्या जिण्यावर! तेच वाक्य मी दुसऱ्यांदा गाळलं.

परवा तिच्या घरी गेले. सुधीरला म्हटलं, काच धर. पत्र काढलं. घडीवर तेल-तिखटाचे डाग आहेत, शाई विटलीय, पण अक्षर शालनचं, ताठ. सुधीर म्हणाला, "मावशी, कशाला आता?" म्हटलं, तू काच नीट धर. ते वाक्य, त्याच्या जोडीच्या ओळींसकट, आज पहिल्यांदा सगळ्यांपुढे, काना-मात्रा न गाळता देते आहे:

'आप्पा, काल अंधार पडल्यावर मी जेवले. चुकून नव्हे, भूक लागली म्हणून जेवले. तुमचा शब्द मोडला त्याचं वाईट वाटतं, जेवल्याचं वाटत नाही. मी माघारी येणार नाही. शेताचं औषध घेऊनच येईन.'