चोपड्याचं ऊन, नऊच्या आतलं

जायचं ठरवलं ते मीच, आणि तेही रागाच्या भरात. आमचे हे बावीस वर्षं फाउंड्रीत रात्रपाळीला भट्टीवर होते. कारखाना बंद पडून वर्ष झालं, तरी खिडकीला चादर बांधून दिवसभर पडून राहणं काही सुटेना. जेवणार का विचारलं तर 'हूं', नाही का जेवणार विचारलं तरी 'हूं'. डॉक्टर म्हणाले, "ड जीवनसत्त्व फार कमी आहे, मनही खचलंय. गोळ्या घ्या आणि सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्या." त्यातलं 'ऊन' तेवढं मी ऐकलं.

कोल्हापुरात ऊन नाही असं थोडंच आहे! पण हे दाराबाहेर पाऊल टाकेनात. म्हणून डिसेंबरात यांच्या थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे, गोव्याला निघालो. आजरा-आंबोलीमार्गे पणजीची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. घाटात पोट ढवळतं, तेव्हा आधी वडापाव रिचवू नका. पेडण्याला उतरून चोपड्याची बस घेतली. आक्कांचं घर शापोरा नदीच्या काठाला, माडांत. एवढी सुरेख जागा, आणि हे ओसरीवरून सरळ आतल्या काळोख्या खोलीत गेले. मला तिथंच रडू यायचं बाकी राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच सायकलवर भोंगा वाजवत पाववाला आला. गरम पोळी, म्हणजे तिकडचा कोंड्याचा पाव, आणि पातळभाजी. झकास! आक्का म्हणाल्या, "नवाच्या आत वीस मिनटां नदीर बसा, मागीर ऊन वायट." तीस वर्षांत त्यांची बोली पार पेडण्याची झालीय. मी मनात म्हटलं, एवढा घाट उतरून यायचं आणि वीस मिनिटं ऊन खायचं? आमच्याकडे थंडीत म्हातारी माणसं तेल चोळून परड्यात खुशाल बसतात. आणि हे तर भट्टीवरचे, यांना ऊन काय करणार!

तर अकराला मोरजीच्या किनाऱ्यावर यांच्या पाठीला खोबरेल चोळलं, वाळूत बसवलं आणि बजावलं, "मी येईपर्यंत हलायचं नाही." मी मात्र झावळ्यांच्या शॅकच्या सावलीत सोलकढी पीत धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत बसले. बोलता बोलता दीड तास गेला.

परत आले तर पाठ-खांदे लालभडक, ओठ सुकलेले, नजर भलतीकडेच. उठवायला गेले तशी उलटी झाली.

"चटका बसत नव्हता का हो?"

"बसत होता की."

"मग उठायचं नाही?"

"तू थांब म्हणालीस." तोंड पुसत म्हणाले, "आणि उठून तरी काय करायचं होतं?"

रिक्षा करून तिथल्या दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. डॉक्टरीणबाईंनी ठणकावून सांगितलं, भाजलेल्या कातडीवर तेल-तूप काही लावायचं नाही, गार पाण्याच्या घड्या ठेवायच्या, पाणी पाजत राहायचं. घरी आक्का कडाडल्या, "तेल चोपडून दर्यार बसयलंस? तो काय बांगडो, तळूक?" मी गार पाण्यात फडकं भिजवायला घेतलं.

डिचोलीला जाऊन मयेचा तलाव बघायचा बेत होता, तो बारगळला. पाठीची सालं निघेपर्यंत हे पालथे पडून होते.

शेवटच्या दोन सकाळी मात्र आक्कांनी यांना साडेसातला नदीवर नेलं. अंगात सैल पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्यावर टोपी, जवळ पाण्याची बाटली. आक्का तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, धूत बसल्या. मी यांना बोलतं करायला सरसावले, तशी त्यांनी मला दटावलं, "उलोव नाका. नुसती बस." वीस मिनिटं तिघंही पाण्याकडे बघत होतो.

'गोव्याला गेले आणि माणूस बदलला' असं लिहायला मलाही आवडलं असतं. तसं काही झालं नाही. परत आल्यावर किनाऱ्यावरचं 'उठून तरी काय करायचं होतं' हे वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आता दर गुरुवारी जातो. झोप अजून धड नाही, खिडकीची चादर अजून आहे. सकाळी मी यांना गच्चीवर नेते आणि शेजारी बसते. एकटं सोडत नाही.

काल बोलता बोलता उशीर झाला, म्हणजे मीच बोलत होते. नऊ वाजून गेले असतील. हे कपाळावर हात धरून म्हणाले, "चटका बसतोय गं. सावलीत बसू या."

मी दोन्ही खुर्च्या सावलीत सरकवल्या. मग पहिल्यांदाच यांना एकटं सोडून, पाणी आणते म्हणून खाली आले आणि मोरीत उभी राहून पोटभर रडले.